दर 7.3 दिवसांना एक पेपर

डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसएमटी गाठायला तास-सव्वा तास जातो. तेवढ्यात नेटाने एक वैद्यकीय पेपर वाचून होतो असे धरू. जाताना एक, येताना एक, वर्षातले कामाचे दिवस 280. या वेगाने डॉ. थॉमस स्टार्झल यांचे लेखन संपवायला जवळजवळ साडेचार वर्षे लागतील. पेपर 2,200 हून अधिक, ग्रंथांत लिहिलेली प्रकरणे 300. त्यांची चार पुस्तके या हिशेबात धरलेलीच नाहीत.

माणसावरचे जगातले पहिले यकृत प्रत्यारोपण करणारे हे अमेरिकी शल्यविशारद. एका काळात त्यांचा सरासरी दर 7.3 दिवसांना एक पेपर प्रसिद्ध होत होता. 1999 मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशनच्या मोजणीत क्लिनिकल मेडिसिनमध्ये सर्वाधिक संदर्भ त्यांच्याच कामाचे निघाले. बरेचसे पेपर सहकाऱ्यांबरोबरचे होते, हे खरे. तरीही आकडा पचत नाही, कारण याच हातांनी यकृतेही बदलली. यकृताचे वजन दीड किलोच्या आसपास, पण त्यातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते, म्हणजे दिवसाला दोन हजार लिटरहून जास्त. ते काढून दुसरे बसवायला आठ-दहा तास सहज लागतात.

मला मात्र 2,200 पेक्षा त्यांच्या सुरुवातीचा एक लहान आकडा मोठा वाटतो. 1 मार्च 1963 रोजी डेन्व्हरमध्ये त्यांनी तीन वर्षांच्या मुलावर पहिले प्रत्यारोपण केले. रक्तस्राव थांबेना, मूल टेबलावरच गेले. पुढचे चौघेही 23 दिवसांच्या पलीकडे जगले नाहीत. पाचपैकी शून्य. यातल्या पहिल्या तिघांची हकीकत स्टार्झल यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये छापली, रुग्ण दगावले तरी काहीही न लपवता. मग काम थांबवले. 1967 मध्ये पुन्हा सुरू केले, तेव्हा दीड वर्षाची एक मुलगी वर्षाहून अधिक जगली. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध येण्यापूर्वी वर्षभर जगणारे रुग्ण शंभरात तीसेक होते. आज चांगल्या केंद्रांत ते 85 ते 90 आहेत. तिसापासून नव्वदीपर्यंतची ही वाट अशा पेपरांनीच बांधली. कोणत्या रुग्णाला कोणते औषध किती दिले आणि तो का गेला, हे कुणीतरी लिहून ठेवले म्हणून पुढचा वाचला.

ते ज्ञान आता आपल्या दारात आहे. ठाण्याच्या ज्युपिटर हॉस्पिटलमध्ये यकृत प्रत्यारोपण होते. यकृताचे आठ भाग कुठे विभागतात हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद कुइनो यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिले. त्यामुळेच आज जिवंत दात्याचे जवळजवळ 60 टक्के यकृत काढता येते आणि उरलेले काही महिन्यांत पुन्हा भरते.

अडते ते दुसऱ्याच आकड्यावर. 2023 मध्ये भारतात 4,491 यकृत प्रत्यारोपणे झाली, पण मृत्यूनंतर अवयवदान करणारे देशभरात 1,099. दहा लाखांमागे एकही नाही. 2011 च्या जनगणनेत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची लोकसंख्या मिळून सुमारे 31 लाख भरते. देशाच्या सरासरीने या दोन शहरांच्या वाट्याला वर्षाला दोन-तीन दाते येतात. त्याच वर्षी स्पेनमध्ये दहा लाखांमागे जवळजवळ 49 दाते होते. तो दर इथे लावला तर दीडशे. एवढ्या मोठ्या दरीवर पेपर लिहून पूल बांधता येत नाही.

म्हणून आपल्याकडे बहुतेक यकृते धडधाकट नातेवाइकांच्या पोटातून येतात, आणि त्यांत बायका, आया, मुली जास्त. रक्तगट जुळला नाही किंवा यकृत लहान पडले, तर घराकडे उरते मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची यादी. त्या यादीतले नाव पुढे सरकायचे तर एखाद्या आयसीयूमध्ये चार डॉक्टरांच्या समितीने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करावा लागतो आणि मग नातेवाइकांनी हो म्हणावे लागते. बर्फात ठेवलेले यकृत बारा तासांच्या आत दुसऱ्या शरीरात पोचवायचे असते.