छोटं घर, भलंमोठं बाथरूम आणि सकाळची डोकेदुखी

माझा मावसभाऊ पुण्यात नोकरीला लागून दीड वर्ष झालं. कर्वेनगरात राहतो. एका जुन्या बिल्डिंगमधल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटचे मालकांनी दोन भाग केले, त्यातला लहान भाग त्याच्याकडे आहे. एक खोली, भिंतीला चिकटलेला चार फुटी ओटा, आणि बाथरूम. वाटणी करताना मूळ मास्टर बेडरूमचं बाथरूम आणि शेजारची धुण्याची जागा दोन्ही याच बाजूला आलं. मधली भिंत पाडली आणि बाथरूम झालं दहा फूट बाय आठ फूट! खोलीत पलंग टाकला की चालायला जागा नाही, पण बाथरूममध्ये वॉशिंग मशीन, कपड्यांचा स्टँड, इस्त्रीचं टेबल आणि एक प्लास्टिकची खुर्ची आरामात मावते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, हॉलमध्ये बस म्हणायला हॉलच नाही. बाथरूममध्ये बसतेस का?"

आम्ही खूप हसलो. डिसेंबरमध्ये मात्र त्याची डोकेदुखी सुरू झाली. रोज ऑफिसला निघताना डोकं जड, मळमळ, पायात गोळे आल्यासारखं. दुपारपर्यंत आपोआप बरं. मावशी फोनवर म्हणायची, "पित्त आहे, जागरणं कमी कर." ऑक्सिमीटर लावून बघितला तर ९८. म्हणजे सगळं ठीक असणार, नाही का? मग बोलता बोलता तो म्हणाला, "रविवारी सगळ्यात जास्त दुखतं गं. सुट्टी असून." मी विचारलं, रविवारी वेगळं काय करतोस? "काही नाही. निवांत आंघोळ करतो."

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजली. कारण माझी पीएचडी आहे गॅस सेन्सरवर, आणि त्याच्या बाथरूममध्ये एलपीजीवर चालणारा गॅस गीझर आहे हे मी पाहिलं होतं. आज हीच गोष्ट थोड्या हिशेबासकट सांगते.

जळणाला किती हवा लागते?

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. दोन्हींत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. भरपूर ऑक्सिजन मिळाला की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी होतं. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा नेहमीचा गॅस गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला एक किलोच्या आसपास गॅस जाळतो. स्वयंपाकाच्या मोठ्या बर्नरच्या कितीतरी पट!

आता भावाचं बाथरूम घेऊ. दहा बाय आठ, उंची नऊ फूट, म्हणजे ७२० घनफूट किंवा सुमारे २० घनमीटर. त्यात हवा बसते साधारण २३ किलो, आणि तिच्यात ऑक्सिजन ५.३ किलो. ऐकायला खूप वाटतो. पण अडचण ऑक्सिजन संपल्यावर सुरू होत नाही, त्याच्या खूप आधी होते. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत बिघडायला लागते. कार्बनला दोन ऑक्सिजनऐवजी एकावरच भागवावं लागतं, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणजे एकूण ऑक्सिजनपैकी फक्त सातवा हिस्सा वापरला गेला की गाडी रुळावरून घसरायला सुरुवात.

५.३ किलोचा सातवा हिस्सा म्हणजे सुमारे पाऊण किलो. तेवढा ऑक्सिजन खायला गीझरला २०० ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो. वेळ लागतो साधारण बारा मिनिटं.

हाच हिशेब सहा बाय चारच्या नेहमीच्या बाथरूमसाठी केला तर उत्तर येतं चार मिनिटांच्या आत.

हा हिशेब पूर्ण बंद खोलीचा आहे. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून, खिडकीतून थोडी हवा येते, त्यामुळे वेळ वाढतो. उलट बर्नर जुना असेल, जाळीवर काजळी किंवा क्षार असतील, तर ऑक्सिजन भरपूर असतानाही मोनॉक्साइड निघू शकतो. पण अंदाज येतो ना? गीझर बसवणारा माणूस भावाला म्हणाला होता, "साहेब, एवढं मोठं बाथरूम आहे, काही होत नाही." त्या 'एवढ्या मोठ्या'ची किंमत आठ-नऊ मिनिटं निघाली. आणि गंमत अशी, की बाथरूम मोठं असलं की माणूस त्यात जास्त वेळ काढतो. आंघोळ, मग तिथेच कपडे घालणं, मग इस्त्री. ती आठ-नऊ मिनिटं आपण आपल्याच हाताने खर्च करतो.

खिडकी कुठे गेली?

मूळ बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची चांगली मोठी खिडकी आहे. पण कबुतरं! पुण्यात राहणाऱ्यांना अधिक सांगायला नको. नोव्हेंबरात भावाने पट्ट्यांवर थर्माकोल लावून कडेने चिकटपट्टी मारली. कबुतरं बंद, वर थंडीही कमी. दाराखालची फट त्याने आधीच बुजवली होती, कारण मशीनचं पाणी खोलीत यायचं. म्हणजे गेल्या थंडीत नसलेली डोकेदुखी या थंडीत का आली, याचं उत्तर तिथेच होतं. गीझर तोच, माणूस तोच. बदलला तो फक्त हवेचा रस्ता.

शरीरात काय होतं?

रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि पेशींपर्यंत पोचवतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागेवर बसतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट. बसमध्ये एक प्रवासी शेवटच्या स्टॉपपर्यंत उठतच नाही, तसं समजा. त्यातून उरलेल्या ऑक्सिजनलाही हिमोग्लोबिन लवकर सोडत नाही. त्यामुळे मार दुहेरी बसतो.

जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये हे स्वतःवर प्रयोग करून नोंदवलं. तो स्वतः हा वायू हुंगत बसला आणि काय काय होतं ते लिहीत गेला. खाणीत लहान प्राणी न्यावेत, कारण त्यांच्यावर परिणाम लवकर दिसतो, ही कल्पनाही त्याचीच. खाणीतले कॅनरी पक्षी आले ते तिथून.

प्रमाण किती? हवेच्या दहा लाख भागांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. १,६०० पीपीएमला वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू होते, आणि तिथेच राहिलं तर तास-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. ३,२०० ला ही लक्षणं पाच-दहा मिनिटांत दिसतात आणि अर्ध्या तासात जीव जाऊ शकतो. सगळ्यात वाईट भाग म्हणजे पाय आधी लुळे पडतात. काहीतरी चुकतंय हे कळतं, पण कडीपर्यंत हात पोचत नाही. दर हिवाळ्यात 'आंघोळीला गेला आणि बाहेर आलाच नाही' अशा बातम्या आपण वाचतो, त्यातल्या कित्येकांमागे हेच असतं.

दोन गैरसमज इथेच काढून टाकते.

पहिला, "गॅस असता तर वास आला असता." आपल्याला येतो तो वास एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा. तो न जळलेल्या गॅसचा असतो. इथे गॅस जळलेला आहे, त्याच्याबरोबर तो वासही जळून गेला. मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत चुरचुरही नाही.

दुसरा, "ऑक्सिमीटर ठीक दाखवतो." बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर दोन रंगांचा प्रकाश टाकून रक्त किती लाल आहे ते बघतो. मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही तितकंच लाल दिसतं. यंत्राला ते ऑक्सिजनवालंच वाटतं. म्हणून भावाचा ९८ हा आकडा खोटा दिलासा होता.

मोकळ्या हवेत मोनॉक्साइड निम्मा व्हायला साधारण चार-पाच तास लागतात. सकाळची डोकेदुखी दुपारी का जायची, ते आता लक्षात आलं असेल.

आम्ही काय केलं, आणि माझी फजिती

पुढच्या रविवारी मी लॅबमधून मोनॉक्साइडचा मीटर घेऊन गेले. सोबत माझा स्वतःचा, टिन ऑक्साइडचा सेन्सरही नेला. अशा सेन्सरची सुरुवात जपानमधल्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये केली, घरातली गॅसगळती ओळखण्यासाठी. तत्त्व सोपं आहे. टिन ऑक्साइडचा थर दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापवला की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर बसतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो, त्यामुळे विद्युतरोध वाढतो. मोनॉक्साइड आला की तो हा ऑक्सिजन घेऊन पळतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध उतरतो. रोध उतरला की गॅस आला.

दोन्ही उपकरणं बाथरूममध्ये ठेवली, एक जुना मोबाइल व्हिडिओ कॉलवर त्यांच्यासमोर. गरम पाणी सोडलं, दार लावलं, आम्ही दोघं घराचं दार उघडं टाकून बाहेर. सिलिंडर ओट्याखाली, त्यामुळे गॅस बाहेरून बंद करता येणार होता. (हे घरी करून बघू नका. खरंच नका.)

दुसऱ्याच मिनिटाला माझा सेन्सर ओरडायला लागला. भाऊ घाबरला. मी ओशाळले. कारण मीटर अजून शून्यावर होता. माझ्या सेन्सरला लागली होती ती वाफ! पाण्याचे रेणूही टिन ऑक्साइडचा रोध उतरवतात. वर, दमट हवेत खऱ्या मोनॉक्साइडला तो प्रतिसादही कमी देतो. म्हणजे जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथेच तो सगळ्यात कमी भरवशाचा. माझी पीएचडी नेमकी याच अडचणीवर आहे. थरात पॅलेडियमसारख्या धातूचे सूक्ष्म कण घालून वाफेचा त्रास कमी करता येतो का, हे मी चार वर्षं बघते आहे. थोडा होतो. पुरेसा नाही. घरगुती मोनॉक्साइड अलार्म बाथरूमच्या आत लावू नका असं सहसा सांगितलं जातं, त्याचं एक कारण हेच. तो दाराबाहेर, खोलीत लावायचा.

मीटर मात्र शांत होता, आणि मग नव्हता. दहाव्या मिनिटानंतर आकडा सरकला, मग भराभर चढला. शंभर ओलांडल्यावर मी गॅस बंद केला. भाऊ काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "रविवारी मी पाऊण तास आत असतो, ताई."

मग?

आधी थर्माकोल काढला. कबुतरांसाठी जाळी लावली. जाळीतून हवा येते. मग मालकांशी बोललो. ते म्हणाले, "अहो, आमच्याकडे पंधरा वर्षं हाच गीझर आहे, कुणाला काही झालं नाही." हे वाक्य ते खोटं बोलत नव्हते. पण ती पंधरा वर्षं खिडकी उघडी होती. आणि ज्यांना काही झालं ते सांगायला राहत नाहीत, हेही आहेच. मी कागदावर वरचाच हिशेब मांडून दाखवला. काका बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "आमच्याकडेही आतच आहे."

भावाकडे आता पंधरा लिटरचा विजेचा गीझर आहे. दोन किलोवॅटचा, त्यामुळे त्याला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि अर्थिंग तपासून घेतलं. पाणी तापायला वीस-बावीस मिनिटं लागतात, गार पाणी मिसळून तीसेक लिटर होतं. एका माणसाला पुरतं. काकांनी आपला गॅस गीझर उघड्या बाल्कनीत हलवला आणि गरम पाण्याची पाइप आत घेतली. गॅस गीझरची खरी जागा तीच.

तुमच्याकडे तो आत असेल आणि आज लगेच हलवणं शक्य नसेल, तर एवढं तरी करा. बादली भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या, आणि मगच आंघोळीला जा. एकामागून एक चौघांच्या आंघोळी असतील तर मध्ये थांबा, कारण पहिल्याने बिघडवलेली हवा चौथ्याच्या वाट्याला येते. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. आत यायला हवेला वाट नसेल तर तो बाहेर काय फेकणार? कुणी आत कोसळलं तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना 'गॅस गीझर' हे दोन शब्द आवर्जून सांगा. उपचार ऑक्सिजनचा आहे, पण त्यासाठी कारण कळायला हवं.

भावाची डोकेदुखी त्या आठवड्यात थांबली. मावशी अजूनही म्हणते पित्तच होतं. प्लास्टिकची खुर्ची अजून बाथरूममध्येच आहे, आणि पाहुणा आला की तो विनोदही तोच करतो. मी मात्र गेले की आधी खिडकी बघते.