कोनचा दोरा, घरची मशीन आणि आजीच्या साड्या

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. मधले "अं... म्हणजे..." काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय दोरा. हो, शिवायचा दोरा. हसू नका, कारण या दोऱ्यापायी घरात आठवडाभर आई माझ्याशी धड बोलली नव्हती.

झालं असं, की आजीच्या चार जुन्या नऊवारी साड्यांची आईने गोधडी शिवायला घेतली. आजी हाताने धावदोरा घालायची, कडेपासून सुरू करून आत आत जायची. आईला आता डोळ्यांमुळे ते जमत नाही, म्हणून पायमशीन. मी म्हटलं दोरा मी आणतो, आणि शहाणपणा करून 5000 मीटरचा मोठा कोन घेऊन आलो. स्वस्त पडला. आईने तो मशीनवर रीळ लावायच्या खुंटीवर अडकवला आणि दर दोन-तीन हातांवर दोरा तुटायला लागला. "हा कुठला रे दोरा आणलास?" टाके कुठे सैल, कुठे ताणलेले. उसवायचं आणि परत शिवायचं. आता धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती कापड उसवलं की सुईची भोकं तशीच राहतात, आणि त्या साड्या काही परत मिळायच्या नाहीत. म्हणून मग मी नीट वाचायला बसलो, दोन शिंप्यांना विचारलं, आणि कळलं की माझ्या दोन चुका झाल्या होत्या. कोन ठेवला चुकीचा, आणि दोराही चुकीचा आणला.

आधी, कोन हवाच कशाला? हिशोब करून बघा. गोधडी दीड मीटर बाय 2.1 मीटर धरा. शिवणी एकेक सेंटीमीटरवर घातल्या तर 150 ओळी, प्रत्येकी 2.1 मीटर, म्हणजे 315 मीटर शिवण. मशीनच्या टाक्यात वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे लागतात. साध्या कापडावर शिवणीच्या साधारण अडीच पट दोरा जातो, गोधडीच्या जाडीला तीन पट धरा. झाले 945 मीटर. शंभर मीटरची रिळं घेतली तर नऊ-दहा रिळं, आणि तेवढ्यांदा मध्येच थांबून दोरा ओवणं. तेव्हा कोन घ्यायची कल्पना चुकीची नव्हती.

आता ठेवायचं कसं ते. छोट्या रिळावर दोरा बहुतेक एकाशेजारी एक असा सरळ गुंडाळलेला असतो. तो बाजूने ओढला जातो आणि रीळ खुंटीवर गरागरा फिरतं. कोनवर मात्र दोरा तिरपा, एकमेकांना छेद देत गुंडाळलेला असतो आणि आकार वर निमुळता. कोनने फिरायचंच नसतं! तो स्थिर उभा राहतो आणि दोरा टोकावरून वर निघतो. आम्ही तो खुंटीवर घालून बाजूने ओढत होतो. कोन जड, डुगडुगतो, दोरा त्याच्या बुडाखाली अडकतो, मग एकदम झटका बसतो. टेन्शनच्या चकत्यांना प्रत्येक झटका म्हणजे वाढलेला ताण. आई बिचारी टेन्शनचा स्क्रू फिरवत बसली होती आणि दोष तिथे नव्हताच.

उपाय म्हणजे कोन स्टँड. कोन मशीनच्या मागे उभा ठेवायचा आणि त्याच्या टोकाच्या बरोब्बर वर एक कडी हवी, जिच्यातून दोरा मशीनकडे येईल. कडीची उंची कोनच्या उंचीच्या निदान अडीच पट. कोन पाच इंची असेल तर कडी साडेबारा इंचांवर. कमी उंचीवर दोरा कोनच्या अंगाला घासतो. स्टँड विकत मिळतो, पण मी कोन जड तांब्यात उभा केला आणि कपड्याच्या हँगरची तार वाकवून भिंतीला लावली. दिसायला भयंकर, काम चोख. टोकावरून निघताना दोऱ्याला दर फेऱ्याला एक पीळ जास्त पडतो हे खरंय. पण कोनचा घेर वीसेक सेंटीमीटर धरला तर मीटरला पाचच पीळ. दोऱ्यात मुळात मीटरला काहीशे पीळ असतात, त्यामुळे काळजी नको.

दुसरी चूक दोऱ्याची. दुकानात कोन म्हटलं की बहुतेक वेळा ओव्हरलॉकचा स्पन पॉलिएस्टर दोरा हातात पडतो. तो कडा गुंफायला बनवलेला, म्हणून बारीक. जाडी समजायला टेक्स हे सगळ्यात सोपं माप. 1000 मीटर दोऱ्याचं वजन जितके ग्रॅम, तितके टेक्स. आकडा मोठा तर दोरा जाड. तिकीट नंबर मात्र उलटा चालतो, नंबर मोठा तर दोरा बारीक. पॉलिएस्टरला 3000 भागिले तिकीट नंबर म्हणजे साधारण टेक्स. 120 नंबर म्हणजे 25, 80 नंबर म्हणजे 37 च्या आसपास. सुती दोऱ्यावर 40/2 असं लिहिलेलं असतं, म्हणजे 40 काउंटचे दोन पदर, साधारण 30 टेक्स. 50/3 म्हणजे 35. गोधडीला 30 ते 40 मधलं काहीही चालेल.

यातून एक मस्त तपासणी निघते. कोनवर 5000 मीटर आणि 27 टेक्स लिहिलंय? मग नुसता दोरा 135 ग्रॅम भरला पाहिजे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोन ठेवा, रिकाम्या कोनचं वजन वजा करा. बरंच कमी भरलं तर एक तर मीटर कमी आहेत किंवा दोरा बारीक आहे.

सुती की पॉलिएस्टर? नव्या कापडाची, रोज वापरायची गोधडी असेल तर पॉलिएस्टर खुशाल घ्या, टिकतो आणि स्वस्त असतो. जुन्या साड्यांना मात्र माझं मत सुती. ओढाताण झालीच तर आधी दोरा तुटलेला बरा. तुटलेला टाका पुन्हा घालता येतो, विरलेली साडी नाही. सुती म्हणून दिलेला दोरा खरंच सुती आहे का ते तुकडा जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आणि हाताने मोडणारी राख म्हणजे सुती. वितळून कडक मणी झाला की पॉलिएस्टर. आणि रंगीत कोन असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघाच. सुतीचा एक त्रास, दातांखाली कापसाचा भुगा साचतो. दर दोन-तीन बॉबिन संपल्या की ब्रशने काढा.

सुई 16 नंबरची, थर कमी असतील तर 14. दोरा सुईत ओवून तिरका ताणून धरा. सुई आपोआप घसरत खाली आली तर जमलं, अडकली तर मोठी सुई घ्या. बॉबिनमध्येही तोच दोरा, आणि ती सावकाश भरा. विशेषतः पॉलिएस्टर घाईने भरला की ताणला जातो आणि नंतर आक्रसून शिवण चुणते.

गोधडी झाली. नव्या 40/2 च्या कोनचं सुरुवातीला वजन करून ठेवलं होतं, परत केलं तर 31 ग्रॅम कमी भरलं, म्हणजे साधारण 1050 मीटर. हिशोब 945 चा होता. वरचे शंभर उसवण्यात आणि बॉबिनच्या शेपट्यांत गेले. उरलेला कोन आईने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय, कारण ऊन आणि धूळ लागली की सुती दोरा कमजोर होतो. त्यात अजून तीन गोधड्या सहज होतील. साड्या कुठून आणायच्या ते तिने अजून सांगितलेलं नाही.