तंबोऱ्याची जवारी, ॲम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह

तंबोऱ्याचा नाद बसका झाला म्हणून मिरजेत कोणी तंबोरा फेकून देत नाही. तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात. कारागीर ती कानशीने घासून पुन्हा जवारी काढतो आणि तोच तंबोरा बोलू लागतो. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात रुजवलेला हा हुनर आजही बापाकडून लेकाकडे जातो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

साताऱ्या-सांगलीकडच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणाऱ्या मुलांना आम्ही हेच सांगतो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर खरखरू लागला, तर नवा घेण्याआधी प्रीॲम्प व्हॉल्व्ह तपासा. गिटारकडून येणारा क्षीण संदेश मोठा करणारी ही नऊ पायांची काचेची नळी. बहुधा १२एएक्स७, युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात.

आधी प्लग काढा, नळी निवू द्या. ती सरळ ओढून काढा आणि पायांमधली मोकळी जागा जुळवून नवी बसवा. एका वेळी एकच बदलून ऐका, म्हणजे दोष नेमका सापडतो. पॉवर व्हॉल्व्ह मात्र जाणकाराकडूनच बदलून घ्यावेत. त्यांचा बायस जुळवावा लागतो. नळीपर्यंत पोहोचायला आतली पेटी उघडावी लागत असेल, तर हात लावू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात; ते जिवावर बेतू शकते.

पालकहो, मुलगा बिघडलेली वस्तू खोलून बसला तर रागावू नका. त्याला चांगल्या कारागिराजवळ बसवा. दुरुस्ती हीसुद्धा विद्याच आहे.