दाबलं तरी धावेना!

जुलै 2025 मधली एक रविवार संध्याकाळ. आई आणि मी दादरहून पुण्याला परत येत होतो. खोपोली मागे पडली, बोरघाटाचा चढ सुरू झाला. पुढे सिमेंटचा एक बल्कर रखडत चाललेला. मी इंडिकेटर दिला, उजव्या लेनमध्ये शिरले आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पार तळापर्यंत!

गाडीने एक आचका दिला, क्षणभर दम टाकला, पुन्हा आचका. पळायचं नाव नाही. आरशात मागच्या लक्झरी बसचे हेडलाइट्स मोठे मोठे होत चाललेले. आईने सीटबेल्ट घट्ट धरला. ‘‘अगं, थांबतेय का गाडी?’’ मी घाबरून पाय सैल केला, तर काय आश्चर्य, बया पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागली! बल्करच्या मागे गुपचूप परत आले. लोणावळा येईपर्यंत आम्ही दोघीही गप्प.

सोमवारी ऑफिसला जाताना गाडी एकदम ओके. सिग्नल, ट्रॅफिक, पार्किंग, कसलीच तक्रार नाही. मग काय, सल्ल्यांचा पाऊस. एकाने सगळं खापर ई-20 पेट्रोलवर फोडलं. दुसरा म्हणाला, प्लग बदल. सर्व्हिस सेंटरने तर प्लग, कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग असं भलंमोठं एस्टिमेटच हातात ठेवलं. गाडी चालवून बघायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती.

शेवटी नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. ‘‘ताई, आयडलिंगला थरथरते का? थंड असताना होतं की गरम झाल्यावर? चढावरच का?’’ मी म्हटलं, फक्त जोरात दाबल्यावर. काका हसले. ‘‘मग निम्मं काम झालं.’’

त्यांचं गणित सोपं होतं. इंजिनाला हवी तीन गोष्टींची साथ : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. एरवी एक किलो पेट्रोल जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की हवा भसकन आत येते आणि इंजिनाला पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात लागतं. शिवाय सिलिंडरमधला दाब वाढल्यामुळे ठिणगी पडायला व्होल्टेजही जास्त लागतं. म्हणजे थकलेला प्लग, अशक्त कॉइल, चोंदलेला फिल्टर किंवा दमलेला फ्युएल पंप हे सगळे रोजच्या ट्रॅफिकमध्ये खपून जातात. परीक्षा होते ती घाटात.

काकांनी स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला स्कॅनर जोडला. कोड आला पी0171, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मिसफायरचा कोड नव्हता. तरी त्यांनी प्लग काढून बघितले, ठीक होते. एअर फिल्टर साफ होता. कुठून हवा गळत असती तर आयडलिंगलाच जास्त जाणवलं असतं. म्हणून संशय पेट्रोलच्या लाइनवर.

मग त्यांनी लाइनला प्रेशर गेज जोडला आणि आम्ही कात्रज घाटात गेलो. मी चालवत होते, काका गेजकडे बघत होते. सपाट रस्त्यावर काटा तीन बारच्या आसपास स्थिर. चढावर त्यांनी सांगितलं, ‘‘आता दाबा.’’ काटा धाडकन खाली आला आणि तोच ओळखीचा आचका बसला!

टाकीतून पंप बाहेर काढला. त्याच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने काळी पडलेली, पंपही थकलेला. ‘‘ताई, पाचशेचं पेट्रोल टाकून रिझर्व्हवर फिरता ना?’’ पकडले गेले! काकांनी समजावलं, पंप टाकीतल्या पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी सतत रिकामी असली की तो तापतो आणि लवकर थकतो. पंप बदलला, जाळी नवी, टाकी साफ. बिल साडेनऊ हजार. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये या पंपाचं नावही नव्हतं!

तेव्हा दोस्तहो, तुमची गाडी अशी अडखळली तर आधी डायरी लिहा : किती स्पीड, कोणता गिअर, चढ की सपाट, टाकीत पेट्रोल किती. कोड वाचून घ्या, पण कोड म्हणजे निकाल नव्हे, फक्त पत्ता. आधी तपासणी, मग पार्ट. टाकी निदान पाव भरलेली ठेवा. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर पाय लगेच सैल करा. तो मिसफायरचा इशारा असतो. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलं की तो तापून निकामी होऊ शकतो, आणि तो खर्च पंपाच्या कैक पट असतो. मुख्य म्हणजे दुरुस्त होईपर्यंत घाटात ओव्हरटेक बंद!

दिवाळीत आईला घेऊन पुन्हा तोच घाट चढले. पुढे ट्रक होता. इंडिकेटर, उजवी लेन, पाय खाली. गाडी सुसाट निघाली. ‘‘बघितलंस?’’ म्हणून वळून पाहिलं, तर आई गाढ झोपलेली. याहून मोठं सर्टिफिकेट कुठल्या गॅरेजने द्यावं?