आमिष कोठें, गुन्हा कोठें?
अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत हरणांच्या शिकारीसाठीं गाजरें, बीट, मका रानांत टाकण्याची जुनी चाल आहे. आमिषाभोंवतीं हरणें जमून क्षयरोग व मेंदूचा एक असाध्य रोग फैलावतो. म्हणून दक्षिण द्वीपकल्पांत २००८ सालीं बंदी झाली, २०११ सालीं ती बहुतेक भागांत उठली, २०१९ सालीं पुन्हां आली. उत्तर द्वीपकल्पांत मात्र मर्यादित आमिषास मुभा राहिली. बंदी टाकण्यास, विकण्यास नव्हे. हरणांसाठीं मुद्दाम शेत पेरलें तर तें आमिषच नव्हे! बंदीचा हेतु योग्यच आहे. पण ज्या नियमाचें कारण लोकांस पटत नाहीं व मर्यादा उमगत नाहीं, त्यानें रोग आटोक्यांत येणें कठीण. प्रामाणिक शिकारी मात्र नकळत गुन्हेगार ठरतो.