हात सोडा, गाडी पळू द्या!

भरधाव गाडी चालवता चालवता बाबांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले तर? आई केवढ्यानं ओरडेल! पण ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळच्या हमरस्त्यावर हे खरंच घडलं. एकामागोमाग आठ मोटारी, वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर, चालकांचे हात मोकळे. आणि दोन गाड्यांत अंतर? फक्त साडेसहा मीटर!

आता गणित करा. या वेगानं गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. आपला पाय ब्रेकवर जायलाच एखादा सेकंद लागतो. पुढच्यानं करकचून ब्रेक मारला, तर आपण धडकलोच म्हणून समजा. या गाड्या मात्र एकमेकींशी रेडिओवरून बोलत होत्या. पुढचीनं ब्रेक लावला, की मागचीला लगेच कळायचं.

पण वळण कसं कळणार? रस्त्यात दर १.२ मीटरवर लोहचुंबक पुरले होते. अंधारात आपण भिंत चाचपत जातो ना, तशी गाडी ते चाचपत जाई!

मग असे रस्ते सगळीकडे का झाले नाहीत? अहो, चुंबकांसाठी रस्तेच्या रस्ते खणायचे, तेही मोजक्या गाड्यांसाठी? शिवाय अपघात झाला तर दोष कुणाचा? चालकाचा, कारखान्याचा, की रस्ता बांधणाऱ्याचा? सरकारनं लवकरच हात आखडता घेतला.

आज सॅन फ्रान्सिस्कोत चालकाविना टॅक्सी धावतात. त्यांना चुंबक लागत नाहीत. कॅमेरे आणि रडारनं त्या रस्ता स्वतःच पाहतात. दोष कुणाचा, हा वाद मात्र अजून चालूच आहे.