आधी पुस्तक, मग गॅजेट!

वीकएंडला पुण्याहून बीडजवळच्या पालीत, घरी गेलं, की दोन गोष्टी ठरलेल्या... बिंदुसरा धरणावरचं कडक ऊन आणि ऐनवेळी जाणारी लाइट! अशा उन्हात टॅब्लेटचा स्क्रीन आरसाच होतो. ई-इंक रीडरवर मात्र अक्षर कागदासारखं ठसठशीत. वीज मुख्यतः पान उलटतानाच लागते, त्यामुळे एक चार्जिंग कित्येक दिवस पुरतं.

मग टॅब्लेट बाद? थांबा! २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आली खरी. पण ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं पीडीएफमध्ये असतात. सहा इंची रीडरवर मोठ्या पानाची पीडीएफ म्हणजे मुंग्यांची रांग!

फंडा सोपा आहे. कादंबऱ्यांचा फडशा पाडणार असाल तर ई-इंक, पीडीएफ चाळणार असाल तर टॅब्लेट. काय वाचायचं ते ठरवा, मगच खिशात हात घाला!